विजेच्या प्लगांची विविधता : एक ऐतिहासिक विवेचन

१

मुंबईहून लंडनला गेलेल्या प्रवाशास पहिल्याच रात्री एका विसंगतीचा अनुभव येतो. त्याने घरून नेलेल्या इस्त्रीच्या प्लगला तीन गोल पिना असतात. समोरच्या भिंतीतील सॉकेटची तिन्ही छिद्रे चौकोनी असतात. प्रवासी बाजारातून एक जोड-प्लग, म्हणजे अ‍ॅडॅप्टर, विकत आणतो आणि त्याच्यापुरता प्रश्न मिटतो. इतिहासाच्या अभ्यासकापुरता मात्र तो येथूनच सुरू होतो. कारण तीन गोल पिनांचा हा प्लग मूळचा भारतीय नव्हे. तो ब्रिटिश अमदानीत ब्रिटनमधूनच येथे आला. ज्या देशाने तो भारतास दिला, त्याच देशाच्या घरातील भिंतीत तो आज बसत नाही. असे का व्हावे?

प्लगांच्या विविधतेचे जे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे ऐकावयास मिळते ते असे, की प्रत्येक राष्ट्राने अहंकाराने वा व्यापारी स्वार्थाने आपापला नमुना धरून ठेवला. या विधानात तथ्याचा अंश नाही असे नाही. परंतु ते अपुरे आहे. अहंकार हे कारण मानले, तर ब्रिटनने स्वतःचाच नमुना का टाकला आणि भारताने परक्याचा नमुना का राखला, याचा उलगडा होत नाही. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे, की ही विविधता मुख्यतः कालक्रमाचे फळ आहे. वीज घरात कोणत्या कामासाठी आली, ती कोणत्या वर्षी आली, आणि सुधारणेची वेळ आली तेव्हा भिंतीत किती तांबे आधीच गाडले गेले होते, या तीन गोष्टींवर प्रत्येक देशाच्या सॉकेटचा आकार ठरला आहे.

२

वीज घरात प्रथम आली ती दिव्यासाठी. थॉमस एडिसन यांच्या कंपनीचे न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. त्यातून ग्राहकांस मिळणारा प्रवाह एकदिश असून त्याचा दाब सुमारे ११० व्होल्ट होता. त्या काळच्या कार्बन-तंतूच्या दिव्यास तो दाब मानवत असे, म्हणून तो ठरला. घरातील वायरिंग छतातील दिव्यापर्यंत जाऊन थांबे; भिंतीत सॉकेट बसविण्याचे काही कारणच नव्हते. पुढे पंखा, इस्त्री, पाणी तापविण्याचे भांडे अशी उपकरणे निघाली, तेव्हा त्यांना वीज मिळण्याची एकच जागा घरात होती. ती म्हणजे दिव्याचा होल्डर. दिवा काढावयाचा आणि त्याच्या जागी उपकरणाची वायर जोडावयाची, ही रीत अमेरिकेत होती, ब्रिटनमध्ये होती, आणि भारतातील जुन्या घरांतूनही ती पुष्कळ वर्षे चालू होती.

हार्वी हबेल या अमेरिकन कारखानदारास १९०४ साली ज्या प्लगाचे पेटंट मिळाले, त्याची रचना या दृष्टीने बोलकी आहे. त्याचा एक भाग दिव्याच्या होल्डरमध्ये फिरवून बसवावयाचा असे, आणि दुसरा भाग, ज्यास उपकरणाची वायर जोडलेली असे, पहिल्यात खोचावयाचा वा त्यातून उपसावयाचा असे. आधुनिक प्लग जन्मास आला तो असा, होल्डरचा आश्रित म्हणून. त्याला भिंतीत स्वतःची जागा मिळाली ती नंतर, आणि ती प्रत्येक देशात वेगवेगळ्या वेळी मिळाली.

दिवा आधी आणि उपकरण मागाहून, या क्रमाचा आणखी एक परिणाम झाला. वीजकंपन्यांच्या दृष्टीने दिव्याची वीज व उपकरणांची वीज हे दोन स्वतंत्र व्यवहार होते आणि त्यांचे दरही निराळे होते. इटलीत या दोहोंसाठी वेगळे मीटर, वेगळे वायरिंग आणि वेगळ्या मापाचे प्लग होते. तेथील दरांचा भेद १९७४ साली संपला. परंतु १० व १६ अँपिअरचे दोन प्लग त्यानंतरही राहिले. भारतातील अनेक शहरांतही दिवे-पंखे आणि उष्णतेची उपकरणे यांचे मीटर दीर्घकाळ वेगळे होते. आपल्या घरांतून आजही आढळणारी लहान व मोठ्या सॉकेटची जोडी, जुन्या भाषेत पाच अँपिअरची व पंधरा अँपिअरची, त्याच काळाची आठवण देते. आता प्रमाणकात हे आकडे ६ व १६ झाले आहेत. इलेक्ट्रिशियनच्या बोलण्यात पाच आणि पंधरा अद्याप टिकून आहेत.

३

सॉकेटचा आकार हा डोळ्यांना दिसणारा भेद होय. त्याच्यामागे न दिसणारे दोन भेद आहेत: दाबाचा आणि वारंवारतेचा.

दाब वाढविला असता तेवढीच शक्ती कमी प्रवाहाने नेता येते. दाब दुप्पट केला तर प्रवाह निम्मा होतो. आणि वाटेत वाया जाणाऱ्या विजेचे प्रमाण तेच राखावयाचे झाल्यास तारेला लागणारे तांबे एकचतुर्थांशावर येते. वाढत्या शहरात रस्ते खणून नव्या तारा टाकण्यापेक्षा दाब वाढविणे स्वस्त पडते, हे ओळखून बर्लिनच्या वीजकंपनीने १८९९ साली २२० व्होल्टचा स्वीकार केला आणि युरोप हळूहळू त्याच मार्गाने गेला. अमेरिकेला हे गणित समजत नव्हते असे नाही. परंतु तेथे ११० व्होल्टचे दिवे व उपकरणे इतक्या घरांत पोहोचली होती, की मागे फिरणे महाग झाले होते. जो आधी आला तो जुन्या दाबाशी बांधला गेला. जो मागाहून आला त्यास नवा दाब निवडता आला.

वारंवारतेची कथा जपानमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. टोकियोच्या वीजकंपनीने १८९५ च्या सुमारास जर्मन जनित्रे आणली. ती सेकंदाला ५० आवर्तनांची होती. ओसाकाने त्यानंतर लवकरच अमेरिकन जनित्रे घेतली. ती ६० आवर्तनांची होती. दोन शहरांच्या दोन खरेद्यांनी एका देशाचे दोन विद्युत्-प्रदेश झाले, आणि ते आजही तसेच आहेत. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर पूर्व जपानात विजेचा तीव्र तुटवडा पडला, त्या वेळी पश्चिमेकडील वीज तिकडे पुरेशी वळविता आली नाही, कारण वारंवारता बदलणाऱ्या केंद्रांची क्षमता मर्यादित होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका व्यापारी निर्णयाची किंमत अशा प्रसंगी मोजावी लागते.

दाबाच्या बाबतीत पुढे एकीकरणाचा प्रयत्न झाला. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने १९८३ साली २३० व्होल्ट हा समान अंक सुचविला. ब्रिटनमध्ये तोवर २४० आणि युरोप खंडावर २२० व्होल्ट प्रचलित होते. १९९५ पासून ब्रिटनने आपला अधिकृत दाब २३० व्होल्ट असल्याचे जाहीर केले. मात्र त्याबरोबर वर दहा टक्के व खाली सहा टक्के इतकी सूट ठेवली. २४० व्होल्ट हा दाब या मर्यादेत सहज बसत असल्यामुळे तारांतील वीज होती तशीच राहिली. बदलली ती संज्ञा, वस्तू नव्हे. युरोपातील एकरूपता साधली ती अशी. आणि भिंतीला हात न लावता साधली म्हणूनच ती साधली.

४

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे ब्रिटन व भारत यांच्याकडे, वळता येईल.

दोन पिनांच्या प्लगमधून उपकरण चालते; परंतु उपकरणाच्या धातूच्या आवरणात वीज उतरली, तर ती जमिनीकडे नेणारी वाट त्यात नसते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अर्थिंगची ही गरज सर्वत्र पटली, आणि प्रत्येक देशाने तिचे उत्तर स्वतंत्रपणे शोधले. जर्मनीत आल्बर्ट ब्यूटनर यांच्या रचनेत सॉकेटच्या दोन बाजूंस अर्थिंगच्या पट्ट्या आल्या. फ्रान्समध्ये अर्थिंगची पिन प्लगवर न येता सॉकेटमधूनच बाहेर आली. ब्रिटनने प्लगलाच तिसरी, अधिक लांब व जाड पिन दिली. प्रश्न एक, उत्तरे तीन. आणि तिन्ही उत्तरे तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय. ब्रिटिश उत्तर १९३४ च्या बी. एस. ५४६ या प्रमाणकात २, ५, १५ व ३० अँपिअर अशा चार मापांत ग्रथित झाले. भारतीय घरांतून आज दिसणारा गोल पिनांचा प्लग याच कुळातील आहे.

ब्रिटनने मात्र हे उत्तर पुन्हा तपासले, आणि त्यास कारण झाले दुसरे महायुद्ध. बाँबवर्षावात घरे मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाली होती. युद्धानंतर ती नव्याने बांधावी लागणार होती, आणि तांब्याची टंचाई होती. भावी घरांतील वायरिंग कसे असावे हे ठरविण्यासाठी १९४२ साली एक समिती नेमण्यात आली. तिच्या वीस सदस्यांत विद्युत् अभियंत्या कॅरोलाइन हॅस्लेट या एकट्या स्त्री होत्या. समितीचा अहवाल १९४४ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच्या आधारे १९४७ साली बी. एस. १३६३ हे नवे प्रमाणक आले.

या प्रमाणकातील प्रत्येक गोष्टीमागे त्या काळची निकड आहे. प्रत्येक सॉकेटसाठी फ्यूजपेटीपासून स्वतंत्र तार नेण्याऐवजी एकच तार सर्व खोल्यांतून फिरवून परत फ्यूजपेटीत आणावयाची, ही रिंग सर्किटची पद्धत तांबे वाचविण्यासाठी स्वीकारली गेली. अशा मंडलाचा मुख्य फ्यूज ३० अँपिअरचा असे. टेबलावरील दिव्याच्या बारीक वायरीस एवढा प्रवाह सोसत नाही. वायर जळून जाईल, पण मुख्य फ्यूज शाबूत राहील. म्हणून प्रत्येक प्लगमध्ये स्वतंत्र फ्यूज घालण्यात आला. सॉकेटच्या छिद्रांवर झडपा बसविल्या आणि अर्थिंगची लांब पिन आत शिरल्यावाचून त्या उघडू नयेत अशी योजना केली. लहान मुलाने छिद्रात काही खुपसले तरी त्याला इजा होऊ नये हा तिचा हेतू. पिना चौकोनी केल्या, त्यामुळे फ्यूज नसलेला जुना गोल प्लग नव्या सॉकेटमध्ये चुकूनही बसणे अशक्य झाले. म्हणजे लंडनच्या खोलीत भारतीय प्रवाशाची जी अडवणूक होते, ती हेतुपूर्वक केलेली आहे. भारताचा प्लग तेथे अडतो तो परका म्हणून नव्हे. ब्रिटनच्याच जुन्या प्लगला अडविण्यासाठी ती योजना होती.

१९४७ हेच भारताच्या स्वातंत्र्याचे वर्ष. येथील शहरांत वीज पोहोचून त्या वेळी अर्धशतक होत आले होते. कलकत्त्यात १८९९ साली वीजपुरवठा सुरू झाला. मुंबईत १९०५ साली स्थापन झालेल्या कंपनीची विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून १९१५ साली वीज मुंबईस आली. येथील घरे बाँबवर्षावात पडलेली नव्हती. त्यांच्या भिंतींत जुने वायरिंग होते, बाजारात जुन्या मापाचा माल होता, आणि ते बदलण्याची निकड उत्पन्न करणारी कोणतीही आपत्ती आली नव्हती. पुढे भारतीय प्रमाणक आय. एस. १२९३ तयार झाले, तेही या जुन्या कुळालाच धरून. दुबई, सिंगापूर वा हाँगकाँग येथे मात्र आज चौकोनी पिनाच आढळतात. तेव्हा ब्रिटिश सत्तेची छाया सर्वत्र सारखी होती असे म्हटले, तरी ती कोणत्या काळात भिंतीवर पडली याने फरक पडला.

भाषेच्या अभ्यासकास हे चित्र ओळखीचे वाटेल. केंद्रात नवे रूप रूढ होते आणि परिघावर जुने टिकून राहते, असा सिद्धान्त इटालियन भाषाशास्त्रज्ञ मात्तेओ बार्तोली यांनी मांडला होता. महाराष्ट्रात लोपलेली काही रूपे तंजावरच्या मराठीत राहिली, हे त्याच जातीचे उदाहरण. केंद्रातही एखाद्या कोपऱ्यात जुने रूप विशेष कार्यापुरते उरते. ब्रिटनमधील नाट्यगृहांत रंगमंचावरील दिव्यांसाठी पंधरा अँपिअरचा गोल पिनांचा प्लग आजही वापरात आहे. मात्र ही तुलना फार ताणू नये. परिघावरील बोलीत जुने रूप टिकते ते संपर्क तुटल्यामुळे. भारतातील सॉकेट टिकले ते संपर्क तुटल्यामुळे नव्हे, तर ते बदलण्याचा खर्च कोणी एकाने सोसावा असा नव्हता म्हणून.

५

या इतिहासाचा व्यवहाराशी संबंध कोठे येतो, हे पाहणे अगत्याचे आहे; कारण त्याच्या अज्ञानाने जीवितास अपाय होऊ शकतो.

अ‍ॅडॅप्टर केवळ आकार जुळवितो. दाब वा वारंवारता तो बदलीत नाही. भाषाव्यवहारातील संज्ञा वापरावयाची तर अ‍ॅडॅप्टर हे लिप्यंतर आहे. भाषांतर करावयाचे ते ट्रान्सफॉर्मरने. भारतातील २३० व्होल्टसाठी बनविलेली एक हजार वॅटची इस्त्री अमेरिकेत १२० व्होल्टवर लावली, तर ती जेमतेम पावणेतीनशे वॅट घेते आणि कपड्याची घडी मोडत नाही. उलट अमेरिकेतून आणलेली तशीच इस्त्री येथे लावली, तर ती साडेतीन पटींहून अधिक शक्ती ओढते आणि जळते. दोन्ही प्रसंगी अ‍ॅडॅप्टर अगदी घट्ट बसलेला असतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस येथला मिक्सर तेथे मंद चालतो असा अनुभव येई, आणि म्हणूनच ११० व्होल्टचे मिक्सर येथील कारखान्यांतून मुद्दाम बनू लागले. वारंवारतेवर चालणारे विजेचे घड्याळ तर ट्रान्सफॉर्मर लावूनही सुधारत नाही. ५० आवर्तनांसाठी बनविलेले घड्याळ ६० आवर्तनांवर दर तासास बारा मिनिटे पुढे जाते.

मोबाइल व लॅपटॉप यांच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट, ५० व ६० हर्ट्झ असा मजकूर असतो. अशा उपकरणांना सर्व दाब चालतात. त्यांच्यापुरते लिप्यंतर पुरे होते. परंतु या सोयीमुळेच प्रवाशाची अशी समजूत होऊ लागली आहे, की जे बसते ते चालते. ती समजूत इस्त्री, केस वाळविण्याचे यंत्र वा पाणी तापविण्याची कांडी यांच्या बाबतीत घातक ठरते.

आकाराच्या सादृश्यातही धोका आहे. युरोपीय उपकरणांचा दोन बारीक पिनांचा प्लग, जो १९६३ मध्ये प्रमाणित झाला, भारतीय सॉकेटमध्ये शिरतो. परंतु त्याच्या पिना ४ मिलिमीटरच्या आणि येथील छिद्रे सुमारे ५ मिलिमीटरच्या पिनांसाठी असल्यामुळे तो सैल राहतो, ठिणग्या पडतात व जोड तापतो. ऑस्ट्रेलिया व अर्जेंटिना यांचे तिरप्या पिनांचे प्लग दिसावयास जवळजवळ एक आहेत. पण जिवंत तार व उदासीन तार यांच्या जागा दोहोंत उलट आहेत. दोन भाषांत शब्द एक आणि अर्थ भिन्न असावा, तसा हा प्रकार होय. ब्राझीलमध्ये तर एकाच आकाराच्या सॉकेटमध्ये कोठे १२७ आणि कोठे २२० व्होल्ट असतात. म्हणून प्रवाशाने प्रथम उपकरणावरील दाबाचे आकडे वाचावेत, मग त्या ठिकाणचा दाब विचारावा, आणि आकाराचा विचार शेवटी करावा. धातूच्या आवरणाच्या उपकरणास अर्थिंग न जोडणारा अ‍ॅडॅप्टर वापरू नये. आणि ब्रिटिश सॉकेटसाठी घेतलेल्या अ‍ॅडॅप्टरमध्ये फ्यूज असल्याची खात्री करावी. ही शेवटची अट कशासाठी, हे रिंग सर्किटचा इतिहास लक्षात घेतल्यावाचून कळत नाही.

६

जगात एकच प्लग असावा हा विचार नवा नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाची स्थापना १९०६ साली लंडन येथे झाली आणि लॉर्ड केल्विन हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. प्लगांचा प्रश्न दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आयोगापुढे आला. युद्धाने ते काम थांबले. अखेर १९८६ साली आयोगाने एक जागतिक नमुना प्रसिद्ध केला. तो रचनेने चांगला होता. परंतु एक शतक उशिरा आला होता. ब्राझीलने तो काही फेरफारांसह घेतला, दक्षिण आफ्रिकेने त्याचे एक रूप स्वीकारले. बाकीचे देश होते तेथेच राहिले. आज आयोगाच्या यादीत 'ए' पासून 'ओ' पर्यंत पंधरा प्रकार आहेत.

याच्या उलट उदाहरण म्हणून युरोपीय संघाने २०२२ साली केलेला कायदा पाहण्यासारखा आहे. त्यानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विक्रीस येणाऱ्या मोबाइल फोनांस एकाच प्रकारचे, म्हणजे यूएसबी-सी, चार्जिंगचे तोंड असणे बंधनकारक झाले. प्लगांच्या बाबतीत जे शतकभरात घडले नाही ते येथे दोन-अडीच वर्षांत घडले. याचे कारण युरोपीय राष्ट्रांचा अहंकार मध्यंतरी कमी झाला हे नव्हे. फोन काही वर्षांत टाकला जातो. भिंत पन्नास-शंभर वर्षे उभी असते. जी वस्तू लवकर बदलते तिला नवा नियम लावता येतो. जी घरात चिणलेली असते तिला तो लावावयाचा तर घर फोडावे लागते, किंवा ब्रिटनप्रमाणे ते आधीच पडलेले असावे लागते.

तात्पर्य, सॉकेटच्या आकारावरून त्या देशाचा स्वभाव ओळखू पाहणे व्यर्थ आहे. त्यावरून त्या देशात वीज केव्हा आली आणि तिचा पुनर्विचार करण्याची संधी त्यास कधी मिळाली, एवढे निश्चित ओळखता येते. मुंबईच्या प्रवाशाच्या हातातील गोल पिनांचा प्लग हा १९३४ च्या ब्रिटनचा आहे आणि त्याच्यासमोरील चौकोनी सॉकेट १९४७ च्या ब्रिटनचे. त्या दोहोंमधील अंतर तेरा वर्षांचे आणि एका महायुद्धाचे आहे. अ‍ॅडॅप्टर ते भरून काढतो, पण आकारापुरतेच.